पगार कोण देतंय? फँटसी गेमच्या जगासाठी इतिहासातला काळ निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाच जणांचा ग्रुप, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या, टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र वठवायच्या फँटसी गेमची तयार साहसं खेळून झालीत, आता स्वतःचं जग उभं करायचंय. आधाराला इतिहासातला कोणता काळ घ्यावा? युरोपचं मध्ययुग सोडून दुसरं काही जमतं का? आणि मराठ्यांचा इतिहास घेतला तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चालेल, झकास चालेल. फक्त तुमच्या मनात जो काळ आहे तो बहुधा नको. का नको, ते पुढे येईलच.

बरीच वर्षं गेममास्टरच्या, म्हणजे जग मांडून खेळ चालवणाऱ्याच्या, खुर्चीत बसतोय, त्यामुळे नवी मंडळी काळ कसा निवडतात ते पाहत आलोय. आधी चिलखतं आणि तलवारी आवडतात. मग नकाशा निघतो, देवांची यादी होते, राजघराण्यांच्या वंशावळी तयार होतात. आणि पहिल्या सेशनला सगळे जमले की कोणालाच कळत नाही, ही चार माणसं एकत्र का आहेत आणि आता करायचं काय. म्हणून कुठलाही काळ समोर आला की मी एकच विचारतो: या काळात शस्त्रं बाळगून हिंडणाऱ्या चार-पाच उपऱ्या माणसांना पगार कोण देईल, आणि कशासाठी?

नीट बघा, गेममधली पार्टी म्हणजे काय असतं? जमीन नाही, वतन नाही, धनी नाही. एकमेकांशी नातं नाही. गावात येतात, गावचा कारभारी सांगतो की टेकडीवरच्या पडक्या गढीत काहीतरी आहे, हे जाऊन त्याचा बंदोबस्त करतात, पैसे घेतात आणि पुढच्या गावाला लागतात. धड चाललेल्या कुठल्याही राज्यात ही टोळी पहिल्याच चौकीवर अडकेल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. देशात ये-जा करायची तर त्याच्याकडून एक माषक (छोटं नाणं) भरून परवाना घ्यायचा, नसेल तर दंड. त्या व्यवस्थेत तुमचा बार्बेरियन, म्हणजे रानटी लढवय्या, काय करणार? भरभराटीतलं रोम, घडी बसलेली मोगलाई, मौर्यांचं पाटलीपुत्र हे सगळे काळ दिसायला देखणे आहेत, पण तिथे हेरगिरीचा किंवा दरबारी कारस्थानांचा गेम करावा. भटक्या साहसींना तिथे वाव नाही.

फँटसीला लागतो तो मोडका काळ. मोठी सत्ता होती, आता ती नाही किंवा नावापुरती उरलीय. पण तिचे रस्ते, किल्ले, पदव्या, नाणी आणि कर्जं मागे राहिलीत. रस्त्यांमुळे हिंडता येतं, ओस किल्ल्यांमुळे डन्जन, म्हणजे धोके आणि खजिना दडलेली अंधारी जागा, मिळतं, आणि बंदोबस्ताला कोणी नसल्यामुळे पगार मिळतो.

आता ‘युरोपचं मध्ययुग’ घेऊ. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे दोघेही छोट्या बाहुल्यांच्या लढाया खेळणारे, आणि त्याआधी 1971 मध्ये निघालेल्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन लढायांच्या नियमांमधून हा गेम वाढला. त्यामुळे शस्त्रांची यादी अगदी काटेकोर, पण समाज मात्र जवळजवळ गायब. अंगभर पोलादी पत्र्याचं चिलखत हे पंधराव्या शतकातलं. बारावं शतक म्हणावं तर जमिनीला बांधलेली कुळं कुठेच दिसत नाहीत. जो तो मोकळा, जो तो रोख सोन्यात व्यवहार करणारा, गावोगाव खानावळ, गावाबाहेर लगेच रान. हे माझ्या मते युरोप नव्हेच. हा अमेरिकेचा पश्चिमेकडचा मुलूख आहे, चिलखत घातलेला. बंदुकीच्या जागी तलवार, शेरीफच्या जागी सरदार. यात वाईट काही नाही, उलट त्यामुळेच तो गेम चालतो. पण ‘मला खरं मध्ययुग करायचंय’ म्हणून जे वेठबिगार आणि चर्चचे कर आणतात, त्यांचा गेम दोन सेशनमध्ये गाळात जातो.

त्या मूळ नियमांतल्या दोन गोष्टी मात्र इतिहासातल्या एका खऱ्या जागी तंतोतंत बसतात. सुरुवातीच्या काळात अनुभवाचे गुण, ज्यांवर पात्र वरच्या पातळीला चढतं, मुख्यतः खजिन्यावर मिळायचे, एका सोन्याच्या नाण्याला एक गुण. आणि लढवय्या नवव्या पातळीला पोचला की त्याने किल्ला बांधून आजूबाजूचा मुलूख ताब्यात घ्यावा, अशी सोय होती. लुटीवर वाढायचं आणि शेवटी जहागीरदार व्हायचं! हे जिथे खरोखर घडलं ती जागा म्हणजे चौदाव्या-पंधराव्या शतकातली इटली.

1360 साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात ब्रेतिन्यीचा तह झाला आणि हजारो शिपाई एका दिवसात बेकार झाले. त्यांच्या टोळ्या दक्षिणेकडे सरकल्या. इटलीत श्रीमंत शहरं होती, एकमेकांशी वैर होतं, आणि स्वतः लढायची हौस कोणाला नव्हती. जॉन हॉकवुड हा इंग्रज ‘व्हाइट कंपनी’ या भाडोत्री फौजेबरोबर तिथे उतरला. आधी पिसाकडून फ्लॉरेन्सविरुद्ध लढला, मग मिलान, मग पोप, आणि शेवटी त्याच फ्लॉरेन्सचा सेनापती झाला. तिथेच 1394 मध्ये वारला. ज्या शहराच्या वेशीवर तो जाळपोळ करत आला होता, त्याच शहराच्या मुख्य चर्चमध्ये त्याचं घोड्यावरचं भलंथोरलं भित्तिचित्र आहे, उच्चेल्लो या चित्रकाराने 1436 साली काढलेलं. फ्रान्चेस्को स्फोर्झा तर भाडोत्री सेनापतीचा भाडोत्री मुलगा. तो 1450 मध्ये मिलानचा ड्यूक झाला. नववी पातळी म्हणतात ती हीच.

या काळातली एक वस्तू उचलाच: करारनामा. ‘कोन्दोत्ता’ म्हणायचे त्याला. त्यात किती स्वार आणायचे, पक्की नोकरी किती महिन्यांची, आणि त्यापुढे मालकाची मर्जी असेल तर किती महिने वाढवायची हे लिहिलेलं असे. लढाईत घोडा मेला तर भरपाई कोणी द्यायची. जिंकलेलं शहर आणि किल्ला मालकाचा, हलवता येईल अशी लूट कंपनीची. शत्रूचा सरदार हाती लागला तर तो मालकाच्या ताब्यात द्यायचा. नोकरी संपल्यावर अमुक इतके महिने मालकावर शस्त्र धरायचं नाही. मी कॅम्पेनच्या, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या सलग कथेच्या, सुरुवातीला असा एक पानाचा कागद प्लेयर्ससमोर ठेवतो आणि त्यांना त्यावर घासाघीस करू देतो. पहिला तासभर त्यातच जातो, आणि त्या तासात जग आपोआप समजतं: कोणाकडे पैसा आहे, कोण कोणाला घाबरतं, घोड्याची किंमत काय. शिवाय ‘हलवता येईल अशी लूट’ या शब्दांवरून पुढे जे वाद होतात ते मला लिहूनही सुचले नसते. देवळातली घंटा हलवता येते की नाही?

जर्मन मुलखाचा नमुना याला जवळचा आहे, पण जास्त काळोखा. 1986 सालचा ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ त्यावरच उभा आहे: पवित्र रोमन साम्राज्य, निवडून येणारा सम्राट, दर दहा मैलांवर नवा जकातनाका आणि नवा कायदा. छापखाना आलाय, बंदुका आल्यात, आणि शेजारी चेटूक करतो असा संशय प्रत्येकाला आहे. तुमच्या ग्रुपला कायद्याच्या फटी शोधायला आवडत असतील तर हा काळ छान. नसतील तर नका जाऊ. प्रत्येक नाक्यावर तासभर जाईल.

जपान बहुतेकांना हवाच असतो, म्हणून दोन शब्द. काळ घ्यायचा तो 1467 साली ओनिन युद्ध पेटल्यापासूनचा शंभर-सव्वाशे वर्षांचा. शोगुन नावाला उरलेला, क्योतो जळलेलं, आणि कागा प्रांतावर एका बौद्ध पंथाचे शेतकरी, भिक्षू आणि छोटे सरदार मिळून 1488 पासून जवळपास शतकभर राज्य करत होते. हे फारसं कोणी गेममध्ये आणत नाही, का कोण जाणे. त्याऐवजी सगळे जण सामुराईची इमानदारी घेऊन बसतात. त्या इमानदारीची बरीचशी वर्णनं नंतरच्या शांततेच्या काळातली, लढाया संपल्यावर लिहिलेली. युद्धकाळातला सामुराई धनी बदलायला फारसा लाजत नसे. आणि 1588 मध्ये हिदेयोशीने खेडुतांच्या तलवारी जप्त करायला घेतल्या, तिथे या काळाचा शेवट दिसू लागतो. तुमच्या कॅम्पेनला शेवट हवा असेल तर तो फर्मान हाच: ‘हत्यारं जमा करा, नाहीतर कोणाची तरी चाकरी धरा.’

पण माझा सगळ्यात आवडता मोडका काळ फार जुना आहे. इसवी सनापूर्वी चौदाव्या ते बाराव्या शतकातला पूर्व भूमध्य समुद्र. लोखंड अजून रुळलेलं नाही, सगळं काशावर चालतं. कासं करायला तांबं लागतं आणि कथील लागतं, साधारण दहाला एक. तांबं सायप्रसमध्ये मुबलक. कथील मात्र फार लांबून यायचं. म्हणजे प्रत्येक तलवारीमागे एक व्यापारी मार्ग. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर उलुबुरुनजवळ 1982 साली स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला समुद्रतळाशी धातूच्या लाद्या दिसल्या. पुढे कित्येक वर्षं उत्खनन चाललं. त्या एका जहाजात सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथील निघालं. म्हणजे मिश्रणाचं प्रमाण साधूनच माल भरलेला! सोबत निळ्या काचेच्या वड्या, शिसवी लाकूड, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, आणि इजिप्तची राणी नेफरतिती हिचं नाव कोरलेला सोन्याचा एक छोटा भुंगेरा. ‘खजिन्यात काय सापडतं’ याचा तक्ता बनवायला बसला असाल तर आधी या जहाजाची यादी वाचा. सोन्याच्या नाण्यांचे ढीग त्यात नाहीत, कारण नाणं हा प्रकारच अजून नव्हता. त्यामुळे प्लेयर्सना प्रत्येक वस्तूचं गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि गिऱ्हाईक शोधणं हेच अर्धं साहस होतं.

पार्टीला नोकरी? तीही तयार आहे. इजिप्तमध्ये अमार्ना इथे 1887 साली मातीच्या विटांवर कोरलेली पत्रं सापडली. फॅरोच्या दप्तरातला परराष्ट्र व्यवहार. त्यात कनानमधल्या (आजचा इस्रायल, पॅलेस्टाईन, लेबनॉनचा पट्टा) छोट्या नगरांचे राजे सारखे तक्रार करतात की ‘हबिरू’ आले. हबिरू ही जात किंवा टोळी नव्हती; घरदार सुटलेले, कर्जाला कंटाळून पळालेले, हद्दपार झालेले लोक. आज लूटमार करतील, उद्या एखाद्या राजाच्या पगारावर राहतील. हीच पार्टी! जेरुसलेमचा राजा अब्दि-हेबा फॅरोकडे गयावया करून पहाऱ्याला पन्नास माणसं मागतो. पन्नास! एवढ्याशा संख्येने तिथे नगरं तरत आणि बुडत होती, म्हणजे तुमची पाच माणसं तिथे खरोखर फरक पाडू शकतात. बिब्लोस या बंदराचा राजा रिब-हद्दा याची तर साठेक पत्रं आहेत, मदत पाठवा, मदत पाठवा. शेवटी फॅरो वैतागून विचारतो की हा सारखा का लिहितो, आणि त्या वैतागालाही रिब-हद्दा पत्रानेच उत्तर देतो. पुढे सख्ख्या भावानेच त्याला शहराबाहेर काढलं. या एका माणसावर मी अख्खं कॅम्पेन चालवीन: मालक असा की खरंच संकटात आहे, पण त्याच्यावर कोणाचाच विश्वास उरलेला नाही, आणि पगार देण्याची ऐपत दर महिन्याला कमी होतेय.

मग इसवी सनापूर्वी 1200 च्या आसपास एकेक करून सगळं कोसळलं. आजच्या तुर्कस्तानात मोठी सत्ता असलेल्या हित्तींची राजधानी हत्तुशा ओस पडली. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितचा शेवटचा राजा अम्मुरापी सायप्रसच्या राजाला लिहितो की शत्रूची सात जहाजं आली, आणि माझं सैन्य हित्तींकडे अडकलंय, जहाजं लुक्काच्या (तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य) किनाऱ्याला आहेत. पुढे उगारित जळालं ते पुन्हा वसलं नाही. ग्रीसमध्ये तर लिहिण्याची कलाच गेली, सुमारे चारशे वर्षं. कॅम्पेन या कोसळण्याच्या आधी दहा वर्षं सुरू करा. प्लेयर्सना काही सांगू नका. फक्त कथील महाग होत जाऊ दे.

रोमन गेल्यानंतरचं ब्रिटन ही याचीच धाकटी आवृत्ती. पाचव्या शतकात नवी नाणी येणं थांबलं, चाकावरची मडकी बनायची थांबली, आणि दगडी वाड्यांशेजारी लोक लाकडी घरांत राहू लागले. काही पिढ्यांनी एका अँग्लो-सॅक्सन कवीने त्या रोमन भिंती पाहिल्या आणि त्याला त्या राक्षसांनी बांधल्यासारख्या वाटल्या. फँटसी सेटिंग याहून वेगळी काय असते? फक्त तिथे गरिबी फार आहे. ज्या ग्रुपला खरेदी आवडते त्यांना बाजाराविना करमत नाही.

आता आपल्याकडे.

शिवाजी महाराजांचा काळ घेऊ नका असं मी सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, भावना दुखावतील म्हणून. ते कारण आहेच. महाराज तुमच्या गेममध्ये एनपीसी, म्हणजे गेममास्टरने चालवायचं पात्र, म्हणून आले की टेबलावर कोणीही त्यांच्याशी घासाघीस करणार नाही, खोटं बोलणार नाही, त्यांच्या विरुद्ध जाणार तर नाहीच. गेम तिथेच थांबतो आणि पोवाडा सुरू होतो. पण मोठं कारण वेगळं आहे: ते राज्य फार शिस्तीचं होतं. शिपायाला रोख पगार, गडावर एकावर एक नजर ठेवणारे अधिकारी, आणि मोहिमेवरून आणलेल्या लुटीचा हिशोब सरकारात जमा. खजिना सापडला की तो मोजून सरकारजमा करायचा, हा नियम ज्या राज्यात पाळला जातो तिथे साहसींचा धंदा बसणार कसा?

तीस-चाळीस वर्षं मागे या. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, पण निजामशाही संपली नाही. मलिक अंबर, लहानपणी इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, याने निजामशाही घराण्यातलं एक नाव गादीवर बसवलं आणि 1626 मध्ये मरेपर्यंत मोगलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिलं नाही. जहांगीर इतका चिडला होता की त्याने एक चित्र काढवून घेतलं, त्यात तो अंबरच्या भाल्यावर लावलेल्या मुंडक्याला बाण मारतोय. प्रत्यक्षात ते मुंडकं कधी हाती लागलंच नाही. अंबरनंतर काही वर्षांनी शहाजीराजांनीही तसाच एक लहान मुलगा गादीवर बसवून माहुलीपर्यंत झुंज दिली. 1636 मध्ये ते प्रकरण संपलं. या छत्तीस वर्षांत प्रत्येक सरदारापुढे तीन दारं उघडी होती: निजामशाही, आदिलशाही, मोगल. लखुजी जाधवरावांसारखा मातब्बर माणूस मोगलांकडे गेला, परत आला आणि 1629 मध्ये दौलताबादला भर दरबारात मारला गेला. त्यावर 1630 चा दुष्काळ. सोनं असून दाणा नाही अशी स्थिती. हजारो बैलांवर धान्य लादून चाललेला लमाणांचा तांडा हाच त्या मुलखातला खरा खजिना. तांड्याची राखण करा किंवा तांडा लुटा, दोन्हींत एक अख्खं साहस आहे.

दरबारातली फूटही गेमला सोयीची आहे. बहमनी काळापासून तंटा होता तो आधीच इथे रुजलेले दखनी आणि समुद्रावरून नव्याने आलेले आफाकी यांचा. 1481 मध्ये बहमनी वजीर महमूद गावान याच तंट्यात मारला गेला. धर्माचं भांडण टेबलावर आणण्यापेक्षा ‘तू कधी आलास आणि कोणाची जागा खाल्लीस’ हे भांडण आणा. ते इतिहासाला धरून आहे, आणि कोणाच्या घरापर्यंत जात नाही.

डन्जन हवं असेल तर काल्पनिक नकाशा काढू नका, दौलताबादला जा. डोंगराचा कडा चारी बाजूंनी ताशीव केलेला, भोवती खंदक, आत शिरायला एकच वाट. पूल ओलांडला की ‘अंधारी’ लागते: खडकातून वर चढणारा वळणावळणाचा बोगदा, पायऱ्या मुद्दाम कमी-जास्त उंचीच्या, पाऊल अंदाजाने टाकावं तर चुकतंच. वरच्या तोंडाला लोखंडी झाकण, त्यावर निखारे पेटवून धूर आत सोडायची व्यवस्था. वटवाघळांचा वास अजून आहे. ‘दहा फूट काठी घेऊन पुढची जमीन चाचपडतो’ असं म्हणणाऱ्या प्लेयरला मी तिथे एकदा मोबाईलचा दिवा बंद करून चालायला सांगतो. नंतर त्याचं कॅरेक्टर मशाल विकत घ्यायला कधी विसरत नाही.

जादूसाठीही परदेशी जादूगाराची टोपी आणायची गरज नाही. विजापूरच्या दरबारात 1570 साली ‘नुजूम अल-उलूम’ नावाचं सचित्र हस्तलिखित तयार झालं, आज ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. त्यात ग्रह, राशी, ताईत, हत्ती, शस्त्रं, आणि बोलावता येणाऱ्या शक्तींची पानंच्या पानं चित्रं आहेत. फारसी मजकुरात भारतीय योगिनी. प्रत्येकीचं वाहन, हातातलं शस्त्र वेगळं. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारखे जादूचे ‘स्कूल’, म्हणजे प्रकार, पाडण्याऐवजी हे असं करा: कोणती शक्ती, कोणत्या दिशेला, कोणत्या घटकेला. मग जादू करणाऱ्याला पंचांग बघावं लागेल आणि बाकीच्यांना तोवर दार धरून ठेवावं लागेल. आणि तोफा नकोत म्हणून हट्ट करू नका. मलिक-ए-मैदान ही तोफ 1549 मध्ये अहमदनगरला एका तुर्की कारागिराने ओतली, तिच्या तोंडाला जबडा उघडलेला सिंह आहे. याहून फँटसी काय हवं?

ज्यांना आणखी मोकळं रान हवं त्यांनी पानिपतानंतरचा हिंदुस्थान घ्यावा, 1761 ते 1803. दिल्लीत बादशहा आहे, सत्ता नाही. अनुपगिरी गोसावी नागा साधूंची फौज घेऊन पानिपतावर मराठ्यांच्या विरुद्ध उभा होता. नंतर तोच महादजी शिंद्यांकडे आणि शेवटी इंग्रजांकडे. जॉर्ज थॉमस हा आयरिश खलाशी मद्रासला जहाजावरून पळाला, मेरठजवळच्या सरधन्याच्या बेगम समरूकडे नोकरीला राहिला, मग आप्पा खंडेराव या मराठा सरदाराकडे, आणि 1798 च्या सुमाराला आजच्या हरियाणातल्या हांसीत स्वतःचं राज्य मांडून बसला, नाणी पाडली. तीन-चार वर्षांत शिंद्यांच्या कवायती फौजेने त्याला उठवलं आणि 1802 मध्ये कलकत्त्याकडे जाताना तो मेला. तोवर इंग्रजीपेक्षा फारसी त्याला जवळची झाली होती. एका प्लेयरचं पहिल्या पातळीपासून शेवटापर्यंतचं सगळं आयुष्य यात आहे.

या काळात गावाकडे बघा. चौथाई म्हणजे वसुलीचा चौथा हिस्सा, त्यावर सरदेशमुखीचा दहावा. पण चौथाईही एक रकम नव्हती: त्यातले पंचवीस टक्के बाबती, सहा सहोत्रा, तीन नाडगौडी आणि उरलेले सहासष्ट मोकासा, आणि हे हिस्से वेगवेगळ्या माणसांना दिलेले. त्याच गावावर निजामाचाही अंमल असेल तर त्याचा कारकून वेगळा. तुमची पार्टी एका गावात मुक्कामाला आहे आणि एकाच आठवड्यात चार जण घोड्यावरून वसुलीला येतात, प्रत्येकाकडे खरी सनद. गाव एकालाच देऊ शकतं. पाटील पार्टीकडे बघतो. मला वाटतं, या प्रसंगात राक्षसाची गरजच पडत नाही.

शिलेदार आणि बारगीर हा भेदही नियमांत घ्या. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा धन्याचा. शिलेदाराचा घोडा मेला की तो बारगीर होतो. पगार उतरतो, मान उतरतो. माझ्या टेबलावर प्लेयर्स स्वतःच्या जखमांपेक्षा घोड्याच्या जखमांची जास्त काळजी करतात, आणि त्या काळातला स्वारही तेच करत असणार.

काळ ठरला की तो जसाच्या तसा वापरू नका. नावं बदला, नकाशा फिरवा, एक गोष्ट खरोखर उलटी करा: समजा दख्खनला समुद्र पूर्वेला आहे आणि घाटाखाली वाळवंट, किंवा दुष्काळ हा एका मेलेल्या देवाचा सूड आहे. नावं बदलल्याचा मोठा फायदा असा की टेबलावर इतिहास जाणणारा एखादा असतोच, आणि तो दर दहा मिनिटांनी ‘पण तेव्हा तसं नव्हतं’ म्हणतो. त्याचं तोंड बंद होतं, आणि त्याला माहीत असलेलं मात्र कामाला येतं. जिवंत समाजांची नावं, जाती, पंथ यांना राक्षसांच्या जागी बसवू नका; पेंढारी म्हणजे ऑर्क (फँटसीतले ठरीव दुष्ट राक्षस) असलं समीकरण आळशीपणाचं आहे, आणि गेमही त्याने पोकळ होतो, कारण ऑर्कशी करार करता येत नाही आणि पेंढाऱ्याशी येतो.

तुमच्या पाच जणांसाठी माझा सल्ला विचाराल तर 1630 चं दख्खन, नावं बदलून. पहिल्या सेशनला नकाशा देऊ नका, वंशावळ देऊ नका. एक कौलनामा द्या, त्यावर तीन शिक्के, त्यातला एक खोटा, आणि पार्टीचा सहा महिन्यांचा पगार थकलेला.